टाकाची रेघ टॅबवर आणताना: दिवाळी अंकाच्या चित्रांचं एक प्रकरण

सदाशिव पेठेत राहणाऱ्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेचं हे प्रकरण. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांचे हात घडवणं संपलं, तरी बाईंचं दुसरं काम चालूच होतं: दिवाळी अंकांसाठी कथाचित्रं. साधनं ठरलेली, टाक, काळी वॉटरप्रूफ शाई आणि गुळगुळीत, जाड ब्रिस्टल कागद. चित्र छपाईच्या दीडपट आकारात काढायचं, म्हणजे लहान होताना रेघेतला बारीकसारीक कंप पोटात जातो. अंकाचा माणूस घरी येऊन पाकीट घेऊन जायचा.

यंदा संपादकांचा निरोप आला, की पाकीट नको, फाइल द्या. सहा अर्ध्या पानाची काळी-पांढरी चित्रं आणि एक पूर्ण पान रंगीत. निरोप जुलैच्या सुरुवातीचा, मुदत ऑगस्टअखेरची. कारण पुढे गणपतीत छापखाने मंडळांच्या अहवालांत बुडालेले असतात. बाईंनी टॅब घेतला आणि भाच्याने त्यात चित्रकलेचं ॲप टाकून दिलं. पहिले पंधरा दिवस वाया गेले. या काळात घरातले सगळे, खुद्द बाईसुद्धा, हाताला दोष देत होते. 'काचेवर हात बसत नाही' हे वाक्य रोज ऐकू यायचं. प्रत्यक्षात दोष हाताचा फार थोडा होता. पहिली रेघ ओढण्याआधी जे ठरवायचं असतं, ते ठरवलंच नव्हतं.

टॅब आणि पेन

खरेदी मात्र बरोबर झाली होती, म्हणून त्यावर थोडक्यात. टॅब होता सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस६ लाइट: १०.४ इंचांचा पडदा, २००० × १२०० पिक्सेल, ४ जीबी रॅम. एस-पेन खोक्यातच मिळतं, त्याला चार्जिंग लागत नाही आणि दाबाच्या ४०९६ पातळ्या कळतात. रेखाचित्राला एवढं पुरतं.

दुकानात दुसरा पर्याय होता साध्या आयपॅडचा, आणि त्यासोबत ॲपलची २०२३ साली आलेली यूएसबी-सी पेन्सिल. ही जोडी घेतली असती तर पैसे जास्त गेले असते आणि काम अडलं असतं, कारण त्या पेन्सिलीला दाब कळत नाही. जोर द्या किंवा हलकं धरा, रेघेची जाडी तीच. लिहायला आणि टिपणं काढायला ती ठीक. टाकाची सवय असलेल्या माणसाला निरुपयोगी. साध्या आयपॅडवर दाब हवा असेल तर पहिल्या पिढीची पेन्सिल घ्यावी लागते, आणि नव्या आयपॅडला तिच्यासाठी अडॅप्टर लागतो. मोबाइलच्या दुकानात 'कुठल्याही टॅबला चालतं' म्हणून जे स्वस्त पेन विकतात, ते तर पडद्याच्या दृष्टीने बोटच असतं.

ॲप होतं आयबिस पेंट एक्स. फुकट आवृत्तीत जाहिराती येतात आणि काही ब्रश कुलूपबंद असतात, पण शाईच्या कामाला लागणारं बाकी सगळं त्यात आहे. प्रोक्रिएट हवं अशी बाईंच्या एका विद्यार्थिनीची शिफारस होती. ते अँड्रॉइडवर मिळत नाही.

पहिलं चित्र आणि केसाळ रेघा

पहिलं चित्र चांगलं उतरलं होतं. वाड्याच्या जोत्यावर बसलेली म्हातारी, मागे अर्धवट उघडं दार. पडद्यावर उत्तम दिसलं, व्हॉट्सॲपवर संपादकांना गेलं, तिथून नारायण पेठेत कॉम्प्युटरवर अंकाची पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्याकडे. त्याने पानात बसवून लेझर प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासणीची प्रत, काढलं आणि फोन केला:

"बाई, चित्र झकास आहे, पण रेघा केसाळ येतायत."

"केसाळ? अरे, म्हातारीच्या डोक्यावर चार केस आहेत, तेवढेच काढलेत मी."

प्रूफ पाहिल्यावर त्याचं म्हणणं पटलं. प्रत्येक रेघेची कड ठिपक्याठिपक्यांची होती, रेघेभोवती पुसट राखाडी धूळ होती आणि बारीक छायारेषा जागोजागी तुटल्या होत्या. या तीन लक्षणांमागे तीन वेगळी कारणं होती.

पहिलं, कॅनव्हासचा, म्हणजे ॲपमधल्या कोऱ्या पानाचा आकार. ॲपमध्ये नवीन चित्र घेताना समोर आलेल्या तयार आकारांतला चौकोनी १०८० × १०८० निवडला होता. हा आकार फोनवर दाखवायच्या चित्राचा. पानात चित्राची रुंदी ६ इंच. १०८० भागिले ६ म्हणजे इंचाला १८० पिक्सेल. अशा वेळी एक पिक्सेल ०.१४ मिलिमीटरचा पडतो. टाकाची बारीक रेघ छापून येते साधारण ०.२ मिलिमीटरची, म्हणजे तिच्या वाट्याला जेमतेम दीड पिक्सेल. दीड पिक्सेलात रेघेला कड कुठून येणार? छायारेषा तुटल्या त्या इथे.

दुसरं, व्हॉट्सॲप. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र ते नेहमीच्या दर्जात लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत लहान करतं आणि जेपीजीत दाबतं. हे चित्र मुळातच त्याहून लहान, त्यामुळे आकार टिकला; पण जेपीजीने पांढऱ्यावरच्या काळ्या रेघेभोवती राखाडी डाग पाडले. फोटोत हे डाग डोळ्याला कळत नाहीत. रेखाचित्रात लगेच कळतात. प्रूफावरची धूळ ती हीच.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं, आणि नवशिक्यांच्या शिकवण्यांत ते सहसा सापडत नाही. पडद्यावर रेघ गुळगुळीत दिसावी म्हणून ॲप तिच्या कडेला राखाडी पिक्सेल भरतं. पडद्याला ते हवंच असतं. पण ऑफसेटच्या यंत्रात राखाडी शाई नसते, असते फक्त काळी. राखाडी दाखवायची तर तिचे ठिपके पाडावे लागतात. मॅपलिथोवर, म्हणजे अंकाच्या साध्या बिनचकाकी कागदावर, १३३ लाइनच्या स्क्रीनने (इंचात ठिपक्यांच्या १३३ ओळी) छापताना दोन ठिपक्यांमधलं अंतर ०.१९ मिलिमीटर येतं, म्हणजे जवळपास आपल्या रेघेच्या जाडीएवढं. एवढ्या भरड चाळणीतून रेघेची कड गेली की ती केसाळ होणारच.

बाईंना हे समजवायला फार वेळ लागला नाही, कारण ब्लॉकचा, म्हणजे चित्राच्या धातूच्या ठशांचा जमाना त्यांनी पाहिलेला. तेव्हा रेखाचित्राचा लाइन ब्लॉक व्हायचा आणि फोटोचा ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक. ब्लॉक गेले, प्लेट आता थेट कॉम्प्युटरवरून निघते, पण भेद तोच आहे. फाइल राखाडी छटांची असेल तर तिचा हाफटोन होतो. शुद्ध काळी-पांढरी, एक बिटची (प्रत्येक पिक्सेल एकतर काळा, नाहीतर पांढरा) असेल तरच ती लाइन म्हणून जाते. "मग आधी नाही का सांगायचं, लाइन हवी म्हणून," एवढंच त्या म्हणाल्या.

छापखान्यापासून उलटं मोजणं

अंकाचा आकार ७.२५ × ९.५ इंच. अर्ध्या पानाच्या चित्राला जागा ६ × ४ इंच. रंगीत चित्राला आणि फोटोला इंचाला ३०० पिक्सेल चालतात. रेखाचित्राला किमान ६०० लागतात. म्हणून नवा कॅनव्हास ३६०० × २४०० पिक्सेलचा. ॲपमध्ये नवीन चित्र घेताना एकक इंच करून ६, ४ आणि ६०० डीपीआय (इंचाला पिक्सेल) असं भरलं तरी तेच होतं. हा आकार आधीच ठरवायचा. लहान कॅनव्हासवर काढलेलं चित्र मागाहून ताणून मोठं केलं तर आकडा वाढतो, रेघ सुधारत नाही.

टॅबला हे झेपतं का? ३६०० × २४०० म्हणजे ८६ लाख ४० हजार पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट धरून एका लेयरला, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी एकाला, सुमारे ३५ एमबी. पाच-सहा लेयर ४ जीबीच्या टॅबवर आरामात चालतात. बाईंचा आग्रह होता दीडपट कॅनव्हासचा, जुन्या सवयीने. ९ × ६ इंच ६०० वर घेतला तर एकेक लेयर ७८ एमबीवर जातो आणि ब्रश अडखळायला लागतो. त्याची गरजही नव्हती. या टॅबच्या पडद्याची रुंदी ८.९ इंच आहे. सहा इंची चित्र आडव्या पडद्याला कडेकड भिडवलं, की डोळ्यासमोर ते जवळजवळ दीडपटच दिसतं. उंची थोडी बाहेर जाते, वरखाली सरकवावं लागतं, एवढंच. 'काचेवर हात बसत नाही' ही तक्रार या एका बदलाने निम्मी झाली. त्याआधी त्या कधी चिमटीने चौपट मोठं करून नाकपुडी रेखाटायच्या, तर कधी पूर्ण चित्र तळहाताएवढं करून केस. मनगटाला मापच सापडत नव्हतं.

आता एक नियम ठरला: रेघ ओढायची ती पडद्याला भिडवलेल्या मापात. मोठं करायचं ते फक्त चुकलेलं खोडायला.

ब्रशच्या जाडीचंही असंच मोजून ठरवलं. ६०० डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे २३.६ पिक्सेल. छापील ०.२ मिलिमीटर रेघेला ५ पिक्सेल, ०.३ ला ७, ०.५ ला १२, ०.८ ला १९. ब्रश निवडला डिप पेन, कमाल जाडी १२. दाब हलका केला की ४ पर्यंत उतरेल असा. ४ च्या खाली जायचं नाही, कारण मॅपलिथोवर तिथून पुढे रेघ खात्रीने येत नाही. दाट काळ्यासाठी वेगळा, ३० चा जाड ब्रश. एवढ्या दोन ब्रशांत टॅबवरची सगळी काळी-पांढरी चित्रं झाली. ॲपमध्ये शेकडो ब्रश असतात आणि सुरुवातीचा वेळ तेच खातात.

एक अट मात्र काटेकोर: ब्रशची अपारदर्शकता १०० टक्के. दाबाने फक्त जाडी बदलली पाहिजे, काळेपणा नाही. पेन्सिल, जलरंग, एअरब्रश यांसारखे ब्रश हलक्या दाबाला राखाडी रेघ देतात. ती पडद्यावर मोहक दिसते आणि छपाईच्या पायरीवर एकतर गायब होते किंवा भसकन काळी होते.

हात, दाब आणि काच

टाकाने काम करणाऱ्याचा हात जड असतो, कारण निबचे पाय फाकवायला जोर लागतो. त्यामुळे बाईंची प्रत्येक रेघ कमाल जाडीला चिकटलेली होती. ॲपच्या सेटिंगमध्ये दाबाचा आलेख 'कठीण'कडे सरकवला, म्हणजे पूर्ण जाडीसाठी जास्त जोर लागेल असा केला. हलक्या हाताच्या, जेल पेनवर वाढलेल्या माणसाला याच्या उलट करावं लागतं.

स्टॅबिलायझर नावाची सोय आहे. ती हाताचा कंप गाळते. हे करताना ॲप मागच्या काही बिंदूंची सरासरी काढत जातं, म्हणून रेघ पेनाच्या थोडी मागून येते. भाच्याने ती पूर्ण टोकाला नेऊन ठेवली होती. परिणाम असा, की लांब वळणं सुबक, पण नाकाचा कोपरा गोल आणि छायारेषा टोकाला आखडलेल्या. ती तिसऱ्या हिश्शावर आणली. छायारेषांसाठी पूर्ण बंद. याच मांडणीत फोर्स फेड आहे, जे बोटाने काढणाऱ्यांच्या रेघेला कृत्रिम निमुळतं टोक देतं. दाब कळणारं पेन असेल तर ते बंदच हवं, नाहीतर प्रत्येक रेघ उंदराच्या शेपटीसारखी संपते.

तळहाताचे डाग ही नेहमीची कटकट. बोटाने रेखाटन बंद करून फक्त पेन चालू ठेवलं की डाग थांबतात, आणि बोटं दुसऱ्या कामाला मोकळी होतात: दोन बोटांची टिचकी म्हणजे मागे, तीन बोटांची म्हणजे पुन्हा पुढे. पावसाळी दमट हवेत हाताची कड काचेला चिकटून रेघ धक्का खायची. त्यावर करंगळी आणि तळव्याची कड झाकणारा पातळ सुती मोजा पुरला. काचेवर खरखरीत मॅट फिल्म लावल्यावर पेनाला कागदासारखा अटकाव मिळाला. फिल्मने पेनाचं टोक लवकर झिजतं, पण ते चिमट्याने ओढून बदलता येतं.

सर्वांत चकवणारा दोष निघाला कव्हरचा. पडद्याच्या ठरावीक पट्ट्यात रेघ आपोआप वाकायची, बाकी सगळीकडे नीट. पेन बिघडलंय म्हणून दुकानात जायची तयारी झाली होती. हे पेन पडद्याखालच्या तारांच्या जाळीतल्या विद्युतचुंबकीय क्षेत्रावर चालतं. घडीचं कव्हर मागे दुमडलं, की त्यातली चुंबकं नेमकी त्या पट्ट्याखाली येतात आणि क्षेत्र बिघडवतात. कव्हर काढून टॅब लाकडी उतरत्या पाटावर ठेवला. रेघ सरळ झाली आणि मानही दुखायची थांबली.

सरावासाठी वर्तुळं आणि चौकोन काढायला सांगतात. मुरलेल्या हाताला त्याचा कंटाळा येतो. इथे वेगळं केलं: बाईंच्याच एका जुन्या छापील चित्राचा फोटो तळाच्या लेयरवर टाकला, त्याची अपारदर्शकता ३० टक्के केली आणि वर नवा लेयर घेऊन ते त्यांनी गिरवलं. रोज वीस मिनिटं, दहा दिवस. आपली रेघ कुठे जाड व्हायला हवी हे हाताला पाठ असतं. ती तशी होत नसेल तर दोष दाबाच्या आलेखात आहे की वेगात, हे तिथल्या तिथे कळतं. आलेख या काळात तीनदा बदलला, नंतर हात लावावा लागला नाही.

लेयर आणि फाइल

लेयर चारच. तळाला कच्चं रेखाटन, फिकट निळ्यात. त्यावर रेघांचा लेयर, त्यावर भरीव काळ्याचा, सर्वांत वर पांढऱ्या रेघांचा. काळ्यावर ज्या आधी पांढऱ्या पोस्टर कलरने यायच्या त्यांच्यासाठी. कच्चं निळं पाठवताना बंद करायचं. विसरलं तरी बिघडत नाही: फिकट निळा राखाडीत उजळ उतरतो आणि पुढच्या पायरीत पांढराच होतो. पूर्वी कॅमेऱ्याला निळी पेन्सिल दिसायची नाही, तसंच.

सराव चालू असताना एकदा भाच्याने 'ॲप हळू चालतंय, काढून परत टाकू' म्हटलं होतं. चित्रं ॲपच्या आतच साठवलेली असतात. बाहेर प्रत नसेल तर ॲप काढताच ती जातात. त्यानंतर दर संध्याकाळी दोन फाइली बाहेर निघू लागल्या. लेयरसकट पीएसडी (फोटोशॉपची फाइल) स्वतःसाठी, पांढऱ्या पार्श्वभूमीची पीएनजी छापखान्यासाठी. पीएनजीत दाबताना काही हरवत नाही. पाठवायची ती ड्राइव्हवरून, किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून कधीच नाही. नावात अंक, पान आणि माप: दिवाळी_पान४२_६x४.

डीटीपीवाल्याने फोटोशॉपमध्ये करायचं ते असं. पिक्सेल न बदलता रुंदी ६ इंच करून इंचाला ६०० येतात का ते तपासायचं, कारण पीएनजीत डीपीआयची नोंद टिकेलच असं नाही. मग ग्रेस्केल, म्हणजे रंग काढून नुसत्या राखाडी छटा. मग बायक्युबिकने (मधले पिक्सेल अंदाजाने भरणाऱ्या पद्धतीने) १२०० वर न्यायचं. शेवटी बिटमॅप, म्हणजे एक बिट, ५० टक्के थ्रेशोल्डवर (निम्म्याहून गडद ते काळं, बाकी पांढरं), आणि टिफ फाइल म्हणून जतन. मघाशी मागाहून ताणू नये म्हटलं, आणि इथे ६०० चं १२०० केलं. यात विसंगती नाही. कडेच्या राखाडी पिक्सेलांत रेघेची कड पिक्सेलच्या कुठल्या भागातून जाते याची माहिती असते. आधी दुप्पट करून मग काळं-पांढरं तोडलं, की ती माहिती वापरली जाते आणि पायऱ्या बारीक होतात. आधी तोडून मग दुप्पट केलं, की पायऱ्याच दुप्पट होतात.

पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये अशा एक बिटच्या टिफला शुद्ध काळा रंग देता येतो. चार रंगांत छापल्या जाणाऱ्या पानांच्या फर्म्यात याचं महत्त्व जास्त: आरजीबीतलं, म्हणजे पडद्याच्या रंगांतलं काळं तसंच गेलं तर ते चारही शायांत विभागलं जातं, आणि रजिस्टर, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर जरी हललं तरी रेघेला गुलाबी-निळी किनार येते.

दुसऱ्या प्रूफात सहापैकी पाच चित्रं पास झाली. सहाव्यात पावसाच्या रेघा ३ पिक्सेलच्या होत्या, त्या तुटल्या. ५ ने पुन्हा ओढल्या.

रंगीत पानाला ६०० ची गरज नव्हती. कापणीसाठी चारही बाजूंना पाव इंचाच्या निम्मी जागा जास्त धरून ७.५ × ९.७५ इंच, ३०० वर २२५० × २९२५ पिक्सेल. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि पोपटी छपाईत मरतो, म्हणून डीटीपीवाल्याकडून सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत रूपांतरित केलेला एक नमुना आधी मागवून, आकाश त्याप्रमाणे उतरवून घेतलं.

एक गोष्ट सुटली नाही. टाक खडबडीत कागदावर अडखळून जी शिंतोड्यांची, कोरडी रेघ देतो, ती या ब्रशांतून येत नाही. तशी येते म्हणणारे ब्रश तोच शिंतोडा ठरावीक अंतराने पुन्हा उमटवतात, आणि लांब रेघेत ते उघडं पडतं. एका भुताच्या गोष्टीला बाईंना तीच रेघ हवी होती. त्यासाठी कच्चं रेखाटन टॅबवर केलं, दीडपट आकारात फिकट निळ्यात कागदावर छापून घेतलं, त्यावर टाकाने शाई केली आणि ६०० डीपीआयवर स्कॅन केलं. लहान करून ६ इंचांत बसवल्यावर ते इंचाला ९०० पिक्सेल पडले.